नाटकातले गाव आणि आजीची भाकरी

येरवड्याच्या आमच्या वस्तीतील तरुणांनी यंदा नाटक बसवायला घेतले आहे. विनोदी, ग्रामीण, कौटुंबिक. मोठा वाडा, ओसरीवर झोपाळा, तापट पण प्रेमळ आजोबा, भांडणाऱ्या सुना आणि जमीन विकून पुण्यात फ्लॅट घ्यायला निघालेला धाकटा मुलगा. शेवटी सगळे एका पंगतीला बसतात. हौशी संस्थांना असे नाटक परवडते. एकच सेट, पात्रे भरपूर, हशा हमखास. सदाशिव पेठेत १८९४ पासून चालत आलेल्या भरत नाट्य मंदिर या संस्थेच्या नाट्यगृहात, राज्य नाट्य स्पर्धेच्या दिवसांत, ऑफिस सुटल्यावर जाऊन मी अशी नाटके पाहिली आहेत. पोट धरून हसलोही आहे, खोटे कशाला बोलू?

पण परतीच्या बसमध्ये दर वेळी एक प्रश्न पडे. या गावात पाटील आहे, न्हावी आहे, शिंपी आहे. मग आपली घरे कुठे गेली? फार तर एक येसकर काठी आपटत येतो, निरोप सांगताना अडखळतो, धडपडतो. लोक हसतात, तो निघून जातो. आमच्या संहितेतही तो तीनदा येतो.

त्यावरून विहाराच्या हॉलमध्ये चांगलाच वाद झाला. काहींचे म्हणणे, असले नाटक नकोच. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी खेड्याचे गोडवे गाणाऱ्यांचा समाचार घेतला होता, आणि आपण तेच गोडवे गायचे? मुद्दा खरा होता. पण हसणे तरी का सोडायचे? सोंगाड्या, बतावणी हे सारे तमाशाचे, आणि तमाशा महार-मांग कलावंतांनी पोटाला चिमटा घेऊन जगवला. त्याच बाजाचे वसंत सबनिसांचे 'विच्छा माझी पुरी करा' १९६५ मध्ये आले आणि पांढरपेशांनी तिकिटे काढून पाहिले. याच पुण्यात २०१२ मध्ये महापालिकेचे सफाई कामगार गो. पु. देशपांडे यांच्या 'सत्यशोधक' नाटकात उभे राहिले. दिग्दर्शक अतुल पेठे. दिवसा झाडू, संध्याकाळी तालीम. मग आमच्या पोरांनी का कचरावे?

येसकराचे काम करणाऱ्या मुलाची आजी तालमीला येऊन बसते. वय ऐंशीच्या पुढे. नातू धडपडत आत आला, सगळे हसले, आजी हसली नाही.

"माझा बाप येसकर व्हता. मयताचा सांगावा घेऊन रातच्याला पावसात आठ कोस जायचा. असा नाचत न्हाई जायचा."

हॉल गप्प झाला. ज्या महार वतनाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली विधिमंडळात विधेयक मांडले आणि जे १९५८ च्या कायद्याने गेले, ते आमच्या मुलांनी भाषणातच ऐकलेले. मग आजीच पुढे म्हणाली, "पर बाप हुशार. पावण्यांच्या दारात गेला की आधी भाकरी मागायचा, बसून खायाचा, आन् मग सांगावा द्यायचा. मयत कळल्यावर चूल पेटत न्हाई, मग भाकरी कोन देतं?"

पोरे अशी हसली की बाहेरची माणसे आत डोकावली. हाच प्रसंग नाटकात हवा, असे सर्वांनी एकमुखाने ठरवले.

मात्र लेखकाच्या परवानगीशिवाय संहितेला हात लावता येत नाही, आणि नवा मजकूर रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडेही पाठवावा लागतो. लेखकाला पत्र मीच लिहिले, कारकुनी हात शेवटी उपयोगी पडला. उत्तर अजून यायचे आहे. तोवर नातू आजीकडून काठी कशी धरायची ते शिकतो आहे. तिची अट एकच.

"भाकरी खरी ठेवा रं. पुठ्ठ्याची नगं."