चहात भिजलेला पाव

आमच्या नगर जिल्ह्यात अमेरिकन मराठी मिशनचं काम १८३१ साली सुरू झालं. इथल्या ख्रिस्ती घरांतून नाताळला करंज्या, शंकरपाळ्या आणि केक एकाच ताटात घालून शेजारी दिले जातात. पण केकातला सुकामेवा रममध्ये भिजवलेला असला, तर आमच्यासारख्या मुसलमान घरात तो तुकडा तसाच राहतो. अंडं असलं तर आणखी एखाद्या घरात. 'यात काय घातलंय?' असं विचारायचाही संकोच वाटतो.

यावर वेल्समध्ये एक जुना उपाय आहे. तिथे फळांचा पाव चहात भिजवून करतात. नाव 'बारा ब्रिथ'. आपल्या बाराशी त्याचा संबंध नाही. बारा म्हणजे पाव आणि ब्रिथ म्हणजे ठिपकेदार!

पाव किलो बेदाणे, चिरलेला खजूर, थोडी टुटीफ्रुटी (ती कच्च्या पपईचीच असते) आणि दीडशे ग्रॅम गूळ एका पातेल्यात घ्या. त्यावर पाव लिटर गरम, कडक, बिनदुधाचा चहा ओता आणि रात्रभर झाकून ठेवा. हे भिजवणं टाळू नका. कोरडा बेदाणा पिठातलं पाणी ओढून घेतो आणि पाव कोरडा पडतो. शिवाय चहाच्या तुरटपणानं गुळाचा गोडवा अंगावर येत नाही.

सकाळी त्यात पाव किलो मैदा, दोन चहाचे चमचे बेकिंग पावडर, दालचिनी-जायफळाची पूड आणि एक अंडं घाला. अंडं नको असेल तर चार मोठे चमचे दही चालतं. तूप-तेल लागत नाही, फक्त डब्याला आतून लावा. मिश्रण फार घोटू नका, पाव चिवट होतो.

आता भट्टी. कुकरची शिट्टी आणि रबर काढून ठेवा, ही गोष्ट महत्त्वाची. तळाशी बोटभर जाड मीठ पसरा, त्यावर जाळी ठेवा आणि दहा मिनिटं तापवा. पाणी अजिबात घालायचं नाही. दमाच्या बिर्याणीला वर निखारे ठेवणाऱ्यांना ही कोरडी आच नवी नाही. डबा अर्ध्याहून थोडा जास्त भरून आत ठेवा. मंद आचेवर तासाभरानं सुई खुपसून पाहा. कोरडी निघाली की झालं.

गरम असताना कापू नका, चुरा होईल. फडक्यात गुंडाळून ठेवा, दुसऱ्या दिवशी पातळ कापून लोणी लावा. थंडीत चार दिवस टिकतो, घोडेगावच्या उन्हाळ्यात जेमतेम दोन.