‘ब्लडी’ : एक शब्द, अनेक अर्थ

‘ब्लडी फूल!’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे नोकरावर खेकसणारा इंग्रज साहेब उभा राहतो. तेवढ्यावरून या शब्दाची परीक्षा करणं मात्र चुकीचं ठरेल.

गैरसमज : ‘ब्लडी’ म्हणजे शिवीच.
वस्तुस्थिती : मूळ अर्थ ‘रक्ताळलेला’, आणि तो आजही वापरात आहे. ३० जानेवारी १९७२ रोजी उत्तर आयर्लंडमधल्या डेरी शहरात नागरी हक्कांच्या मोर्चावर ब्रिटिश सैनिकांनी गोळीबार केला. त्याच दिवशी १३ जण मेले. त्या दिवसाचं ‘ब्लडी संडे’ हे नाव सांडलेल्या रक्ताचं आहे.

गैरसमज : ‘बाय अवर लेडी’ या मेरीमातेच्या शपथेचा हा अपभ्रंश.
वस्तुस्थिती : ऐकायला पटतं, पण व्याकरणात बसत नाही. शपथ वाक्यात सुटी उभी राहते. ‘ब्लडी’ पुढच्या शब्दाला चिकटून त्याला जोर देतो. जॉर्ज एथरिजच्या १६७६ सालच्या ‘द मॅन ऑफ मोड’ या नाटकात तो झिंगलेपणाला असाच जोर देतो. आपण ‘भयंकर गोड’ म्हणतो, तेव्हा त्यात भय कुठे असतं?

गैरसमज : एकदा असभ्य ठरलेला शब्द कायमचा असभ्य.
वस्तुस्थिती : ११ एप्रिल १९१४ रोजी लंडनच्या रंगमंचावर बर्नार्ड शॉच्या ‘पिग्मॅलियन’मध्ये, म्हणजे पुलंच्या ‘ती फुलराणी’च्या मूळ नाटकात, फुलं विकणाऱ्या एलायझाने हा शब्द उच्चारला आणि खळबळ उडाली. १९५६ मध्ये त्याच कथेवर ‘माय फेअर लेडी’ आलं, तोवर त्याची धार बोथट झाली होती. प्रेक्षकांना दचकवायला दुसरा शब्द शोधावा लागला.

गैरसमज : इंग्रजी बोलणाऱ्या सगळ्या देशांत त्याचं वजन सारखंच.
वस्तुस्थिती : ऑस्ट्रेलियात तो रोजच्या बोलण्यातला. २००६ मध्ये त्या देशाने पर्यटकांना बोलावणाऱ्या सरकारी जाहिरातीतच तो वापरला. ब्रिटनमध्ये मात्र टीव्हीवर ती जाहिरात आधी अडवली गेली, मग बंदी उठली. अमेरिकेत तो कधी फारसा निषिद्ध नव्हताच.

शब्दकोश अर्थ देतो. शब्दाचं वजन ठरतं ते कोण, कुणाला, कुठे बोलतो त्यावर. मित्राच्या तोंडी ‘ब्लडी’ ही पाठीवरची थाप असू शकते. साहेबाच्या तोंडी तो अपमान होता, कारण समोरच्याला उलट बोलायची मुभा नव्हती.