पुनरुक्ती, लाघव आणि गुंतागुंत : आज्ञावलीलेखनाकडे व्याकरणाच्या अंगाने

प्रास्ताविक

मराठी नामाची सामान्यरूपे आणि त्यांना लागणारे प्रत्यय यांचा परिचय आपल्याला पूर्वीच झाला आहे. या घटकात त्याच सामग्रीकडे वेगळ्या प्रयोजनाने पाहावयाचे आहे. संगणकाला मराठी शब्द ओळखावयास शिकवायचे असेल तर आज्ञावली कशी लिहावी, एकच गोष्ट दहा ठिकाणी लिहिणे कसे टाळावे आणि ते टाळताना आज्ञावली दुर्बोध होऊ नये म्हणून काय जपावे, हा येथील विषय आहे. मराठीच्या विद्यार्थ्याला याची गरज काय, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. शुद्धलेखन-तपासनीस, विद्युतकोश आणि यांत्रिक भाषांतर या कामांत संगणकाचे ज्ञान लागतेच. पण ‘गरीब’ या शब्दातील दीर्घ ‘री’ ‘गरिबाला’ या रूपात ऱ्हस्व का होते, हे सांगणारा माणूसही तितकाच लागतो. तो माणूस मराठीच्या वर्गातूनच यावयास हवा.

पुनरुक्तीचा दोष कोठे असतो?

धर्माबादचा बाजार लाल मिरचीसाठी ओळखला जातो. समजा, तेथील एखाद्या अडतदुकानासाठी हिशेबाची आज्ञावली तयार करावयाची आहे. शेतकऱ्याला द्यावयाच्या हिशेबपट्टीत एकूण रकमेतून हमाली व तोलाई वजा होते. हीच वजावट दिवसअखेरच्या नोंदीत लागते आणि हंगामाच्या शेवटी खात्याचा उतारा काढतानाही लागते. प्रोग्रामरने तिन्ही ठिकाणी हे गणित स्वतंत्रपणे लिहिले. त्या दिवशी तिन्ही उत्तरे बरोबरच येतात. पुढे हमालीचा दर पोत्यामागे 8 रुपयांवरून 10 रुपये झाला. पट्टीतील आणि रोजच्या नोंदीतील आकडा बदलला गेला, खातेउताऱ्यातील राहून गेला. आता 40 पोती आणलेल्या शेतकऱ्याच्या हातातील पट्टी आणि त्याच्या खात्याचा उतारा यांत 80 रुपयांचे अंतर पडते. संगणक कोठेही अडत नाही, कारण त्याच्या दृष्टीने दोन्ही गणिते निर्दोष आहेत. वाद होतो तो दुकानाच्या ओट्यावर, दोन माणसांत.

पुनरुक्तीचा खरा दोष येथे दिसतो. ती जागा फार व्यापते हा दोष गौण आहे. आजच्या संगणकात जागेची वाण नाही. प्रती एकमेकींपासून दूर जातात, हे तिचे मुख्य दुखणे आहे. मराठी वाङ्मयाच्या विद्यार्थ्याला हे नवे वाटू नये. ज्ञानेश्वरीच्या हस्तलिखित प्रती होत गेल्या आणि प्रत्येक लेखनिकाच्या हातून काही ना काही बदलत गेले. पैठणच्या एकनाथांना शके 1506 मध्ये, म्हणजे इसवी सन 1584 मध्ये, ग्रंथाचे शुद्धीकरण करावे लागले ते यामुळेच. एका प्रतीतील चूक सुधारली म्हणून दुसऱ्या गावातील प्रत आपोआप सुधारत नाही. ज्याला आपण पाठभेद म्हणतो, तोच प्रकार आज्ञावलीत घडला की त्याला दोष म्हणतात.

अँड्र्यू हंट आणि डेव्हिड थॉमस यांनी ‘द प्रॅग्मॅटिक प्रोग्रामर’ या 1999 च्या ग्रंथात या संदर्भात एक तत्त्व मांडले. त्याचा आशय असा की, आज्ञावलीतील ज्ञानाच्या प्रत्येक अंशाला एकच अधिकृत स्थान असावे. येथे ‘ज्ञान’ हा शब्द महत्त्वाचा आहे. दोन ओळी अक्षरशः सारख्या दिसतात म्हणून त्या पुनरुक्त ठरतात असे नाही, आणि वेगळ्या दिसतात म्हणून त्या वेगळ्या असतात असेही नाही. हमालीचा दर हे एक ज्ञान आहे. ते एका ठिकाणी लिहावे आणि तिन्ही ठिकाणांहून त्याला हाक मारावी, एवढेच यातून निष्पन्न होते.

विभक्तीच्या तक्त्यापासून नियमाकडे

शाळेत आपण सर्वांनी विभक्तीचे तक्ते पाठ केले आहेत. प्रथमेपासून संबोधनापर्यंत आठ विभक्ती आणि दोन वचने, म्हणजे प्रत्येक नामाची सोळा घरे. ही मांडणी संस्कृत व्याकरणाच्या परंपरेतून आली. दादोबा पांडुरंगांचे व्याकरण 1836 मध्ये प्रसिद्ध झाले आणि मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ 1911 मध्ये. एवढ्या दीर्घ चर्चेनंतरही सामान्य विद्यार्थ्याच्या मनात विभक्ती म्हणजे तक्ता हे समीकरण पक्के आहे. संगणकासाठी मात्र तक्ता हा अत्यंत महागडा मार्ग आहे.

साधा हिशेब करून पाहू. 1,000 नामे घेतली, प्रत्येकाची दोन वचने आणि प्रत्येक वचनाला लागणारे दहा प्रत्यय व शब्दयोगी अव्यये धरली, तर 20,000 रूपे होतात. त्यांच्यापुढे ‘च’ किंवा ‘ही’ लागू शकते (घरात, घरातच, घरातही), म्हणजे 60,000. ‘चा, ची, चे, च्या’ या रूपांपुढे पुन्हा लागणारे प्रत्यय अजून मोजलेलेच नाहीत. याउलट, शब्दांची यादी एकीकडे, सामान्यरूपांचे वर्ग दुसरीकडे आणि प्रत्यय तिसरीकडे ठेवले, तर हजार शब्द, सुमारे दहा वर्ग, दहा प्रत्यय आणि दोन अव्यये एवढीच नोंद पुरते. पहिल्या मार्गात गुणाकार होतो, दुसऱ्यात बेरीज. लिब्रेऑफिस व फायरफॉक्स यांत वापरली जाणारी ‘हनस्पेल’ ही तपासनीस-आज्ञावली याच तत्त्वावर चालते. ती मुळात हंगेरियन या प्रत्ययबहुल भाषेसाठी रचली गेली. तिच्या एका धारिकेत शब्द व त्यांच्या वर्गखुणा असतात, दुसरीत प्रत्ययांचे नियम. मराठीसारख्या भाषेला ही रचना सोयीची पडावी, यात नवल नाही.

आता वर्गांचे नियम लिहू. पहिला प्रयत्न बहुधा असा असतो :

जर पुल्लिंग आणि अंत्य ‘अ’, तर ‘आ’ करा (हात – हाता)
जर पुल्लिंग आणि अंत्य ‘आ’, तर ‘या’ करा (घोडा – घोड्या)
जर नपुंसकलिंग आणि अंत्य ‘अ’, तर ‘आ’ करा (घर – घरा)
जर नपुंसकलिंग आणि अंत्य ‘ए’, तर ‘या’ करा (केळे – केळ्या)
जर स्त्रीलिंग आणि अंत्य ‘आ’, तर ‘ए’ करा (शाळा – शाळे)

पहिली व तिसरी ओळ एकच काम करतात; दुसरी व चौथीही. म्हणजे पाच ओळींत नियम तीनच आहेत. थॉमस मॅकेब यांनी 1976 मध्ये आज्ञावलीची गुंतागुंत मोजण्याची एक रीत सुचवली. स्थूलमानाने सांगायचे तर आज्ञावलीत जितकी निर्णयस्थळे, त्यांत एक मिळवावा. वरील यादीत पाच ‘जर’ आहेत, म्हणून गुंतागुंत 6. (‘आणि’ने जोडलेल्या अटी सुट्या मोजल्यास आकडा आणखी वाढतो.) हा आकडा म्हणजे तपासून पाहावयाच्या वाटांची संख्या होय. नियम तीनांवर आणले तर तो 4 होतो. आणि ‘लिंग व अंत्य स्वर दिल्यास कोणता बदल’ एवढीच माहिती एका कोष्टकात ठेवून आज्ञावलीला केवळ ‘कोष्टकात पाहा’ असे सांगितले, तर एकच वाट उरते. भाषेची विविधता कोठेही गेलेली नाही. ती आज्ञेतून निघून माहितीत गेली, आणि माहिती सुधारण्यासाठी प्रोग्रामर असावे लागत नाही.

कोष्टकाने सगळेच सुटते असे मात्र नाही. ‘वीट’ आणि ‘भिंत’ दोन्ही अकारान्त स्त्रीलिंगी. पण ‘विटेला’ आणि ‘भिंतीला’. येथे लिंग व अंत्य स्वर यांवरून निर्णय होत नाही. अनेकवचन (विटा, भिंती) पाहावे लागते. ‘माळी’ व ‘कवी’ दोन्ही ईकारान्त पुल्लिंगी. पण ‘माळ्याला’ आणि ‘कवीला’. अशी खूण शब्दाच्या यादीत, त्या त्या शब्दाजवळच ठेवावी लागते.

ऱ्हस्व-दीर्घाचा प्रश्न अधिक उद्बोधक आहे. गरीब–गरिबाला, चूल–चुलीला, फूल–फुलाला ही उदाहरणे तीन वेगळ्या वर्गांतील आहेत, परंतु उपान्त्य ई-ऊ ऱ्हस्व होण्याचा बदल तिन्हींत एकच आहे. घाईने लिहिणारा तो बदल प्रत्येक वर्गात वेगळा लिहितो. तो वर्गांच्या बाहेर काढून सामान्यरूप सिद्ध झाल्यावरची एक स्वतंत्र पायरी करावा. ‘शरीर’सारख्या तत्सम शब्दांत हा बदल होत नाही (शरीराला), तेव्हा ‘तत्सम’ ही खूणही यादीतच असावी. मराठी साहित्य महामंडळाचे 14 नियम 1962 मध्ये आणि आणखी 4 नियम 1972 मध्ये मान्य झाले. लेखनाचे नियम बदलतात, हे या तारखांवरूनच दिसते. उद्या पुन्हा बदलले तर आज्ञावलीत एका ठिकाणी हात लावून भागते की चाळीस ठिकाणी, यावर तिची गुणवत्ता ठरेल.

पाणिनीचे लाघव

एकदाच सांगून सर्वत्र लागू करण्याची कला भारतीय परंपरेला फार जुन्या काळापासून अवगत आहे. पाणिनीच्या अष्टाध्यायीत सुमारे 4,000 सूत्रे आहेत. अति + अंत = अत्यंत, सु + आगत = स्वागत, पितृ + आज्ञा = पित्राज्ञा या तीन संधींसाठी पाणिनी तीन नियम देत नाही. 14 शिवसूत्रांतून तयार होणारे ‘इक्’, ‘यण्’, ‘अच्’ हे प्रत्याहार घेऊन तो एका सूत्रात काम संपवतो. शिवाय एका सूत्रातील पद पुढील सूत्रांत न उच्चारता चालू राहते. तिला अनुवृत्ती म्हणतात. सामान्य नियमाला उत्सर्ग आणि विशेषाला अपवाद म्हणून दोघांची जागा ठरवलेली असते. अर्धी मात्रा वाचली तरी वैयाकरणाला पुत्रजन्माचा आनंद होतो, या आशयाचे वचन नागेशभट्टांच्या परिभाषेन्दुशेखरात येते. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकवणाऱ्या फ्रान्झ कीलहॉर्न यांनी या ग्रंथाचे संपादन व इंग्रजी भाषांतर केले.

पाणिनीचा दाखला संगणकाच्या चर्चेत हल्ली वारंवार दिला जातो, बहुधा अभिमानाने. अभिमान योग्यच आहे. परंतु त्यासोबत एक गोष्ट विसरली जाते. अष्टाध्यायीतील एखादे सूत्र एकटे उचलले तर त्याचा अर्थ लागत नाही. मागील कोणते पद चालू आहे हे ठाऊक असावे लागते. कात्यायनाची वार्तिके आणि पतंजलीचे महाभाष्य यांवाचून ते सूत्र सामान्य अभ्यासकाला दुर्गमच राहते. पाणिनीपुढे मुखोद्गत करण्याची गरज होती, म्हणून त्याने अक्षरे वाचवली. आज्ञावली कोणी पाठ करीत नाही. ती सहा महिन्यांनी दुसरा कोणीतरी वाचतो, आणि बहुधा काहीतरी बिघडल्यामुळेच वाचतो. म्हणून लाघव आणि सुबोधता यांत निवड करण्याची वेळ आली, तर माझ्या मते आज्ञावलीत सुबोधतेला झुकते माप द्यावे. ‘सामान्यरूप_काढा’ असे लांब नाव ‘सा’ या नावापेक्षा केव्हाही बरे.

दिसते एक, असतात दोन

आता उलट बाजू पाहू. द्वितीया व चतुर्थी यांचे एकवचनी प्रत्यय मराठीत सारखेच सांगितले जातात : स, ला, ते. मग या दोन विभक्ती आज्ञावलीत एकत्र का करू नयेत? शुद्धलेखन-तपासनिसापुरते जरूर कराव्यात. ‘रामाला’ हे रूप बरोबर आहे की नाही, एवढेच त्याला पाहावयाचे असते.

परंतु धर्माबाद, बिलोली, देगलूर या भागातील ज्या विद्यार्थ्यांच्या घरी किंवा शेजारी तेलुगू बोलली जाते, त्यांनी दोन वाक्ये मनात म्हणून पाहावीत : ‘रामाला बोलाव’ आणि ‘रामाला पुस्तक दे’. तेलुगूत पहिल्यात ‘रामुण्णि’ येते, दुसऱ्यात ‘रामुडिकि’. कर्माचा ‘नि/नु’ आणि संप्रदानाचा ‘कि/कु’ तेलुगूत वेगळे आहेत. मराठीतून तेलुगूत भाषांतर करणाऱ्या आज्ञावलीत दोन्ही ‘ला’ एकत्र केले, तर ती पहिल्या वाक्याला दुसऱ्याचा प्रत्यय लावील. मग कोणीतरी त्या एकत्र केलेल्या भागात ‘जर क्रियापद बोलावणे असेल तर’ अशी अट घालील, नंतर ‘पाहणे’साठी दुसरी, ‘मारणे’साठी तिसरी. पुनरुक्ती टाळण्यासाठी केलेले एकत्रीकरणच अशा रीतीने गुंतागुंतीचे मूळ बनते. अशा वेळी मागे जाऊन दोन भाग पुन्हा वेगळे करणे हाच शहाणपणाचा मार्ग असतो, जरी त्यात थोडी पुनरुक्ती परत आली तरी.

कसोटी एकच : हे दोन भाग पुढे बदलले तर एकाच कारणाने, एकाच वेळी बदलतील का? हमालीचा दर तिन्ही ठिकाणी एकाच कारणाने बदलतो. तो एकत्र हवा. दोन ‘ला’ योगायोगाने समान आहेत; भाषांतरासाठी ते वेगळे हवेत.

अक्षरांतील छुपी पुनरुक्ती

शेवटी एक लहानसा, पण रोजचा प्रश्न. ‘वऱ्हाड’ या शब्दातील ‘ऱ्’ युनिकोडमध्ये दोन रीतींनी साठवता येतो : नुक्ता असलेल्या ‘ऱ’ला हलन्त जोडून, किंवा साध्या ‘र’ला हलन्त व त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. पडद्यावर दोन्ही शब्द सारखे दिसतात. संगणकाला ते भिन्न असतात. ‘ॲ’चेही असेच. त्याला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान 2008 मध्ये मिळाले. त्यापूर्वीच्या मजकुरात ‘अ’ आणि चंद्र वेगवेगळे टंकलेले सापडतात. परिणामी, यादीत ‘वऱ्हाडे’ हे आडनाव असूनही शोधणाऱ्याला ते नाही असे उत्तर मिळू शकते. यावर प्रत्येक शोधाच्या ठिकाणी दोन्ही रूपे तपासत बसणे हा उपाय नव्हे. मजकूर आत येतानाच, एकाच दारावर, त्याला एक ठरलेले रूप द्यावे.

स्वाध्याय

1. ‘भाऊ’, ‘लाडू’ आणि ‘गुरू’ या ऊकारान्त पुल्लिंगी शब्दांची सामान्यरूपे लिहा. त्यांच्यासाठी किती वर्ग करावे लागतील आणि कोणती खूण शब्दाच्या यादीत ठेवावी लागेल, ते सांगा.

2. तृतीयेतील ‘ने’ हा प्रत्यय ‘रामाने आंबा खाल्ला’ आणि ‘रामाने चाकूने आंबा कापला’ या वाक्यांत तपासा. शुद्धलेखन-तपासनीस आणि तेलुगू भाषांतर या दोन प्रयोजनांसाठी तुम्ही कर्त्याचा ‘ने’ व साधनाचा ‘ने’ एकत्र ठेवाल की वेगळे? आपल्या परिसरातील तेलुगू भाषकाला विचारून उत्तर लिहा.