पोलीस राज्याचे, काम केंद्राचे

परकीय स्थलांतरितांना हुडकून काढण्याचे संघसरकारचे काम करार करून स्थानिक पोलिसांवर सोपविण्याची सोय अमेरिकेने १९९६ च्या कायद्याने केली. ह्या भागीदारीचा पैसाच तोडू, असे आश्वासन तेथील एखादा लोकप्रतिनिधी देतो, तेव्हा राजूरच्या वाचकास ती दूरदेशची वार्ता वाटणे स्वाभाविक आहे. वस्तुतः तशीच व्यवस्था आपल्याकडे १९५८ पासून चालू आहे. तिला करार म्हणत नाहीत, एवढेच.

परकीय नागरिक हा घटनेनुसार केंद्राचा विषय, पोलीस राज्याचा. घटनेच्या २५८ व्या कलमान्वये राज्याच्या संमतीने केंद्र आपले काम राज्याकडे सोपवू शकते, आणि १९५८ च्या अधिसूचनेने परकीयांना देशाबाहेर घालविण्याचे अधिकार तसे सोपविले गेले. त्याच कलमाचे तिसरे उपकलम सहसा कोणी वाचत नाही. ह्या कामाचा जादा खर्च केंद्राने राज्यास द्यावा, असे ते स्पष्ट सांगते.

घुसखोर शोधू नयेत, असे कोणी शहाणा म्हणणार नाही. प्रश्न शोधण्याच्या रीतीचा आहे. जुलै १९९८ मध्ये मुंबई पोलीस काही जणांना बांगलादेशी ठरवून कुर्ला-हावडा एक्स्प्रेसने नेत असता उलुबेरिया स्थानकात जमावाने त्यांना सोडविले. ते बंगालचेच असल्याचा दावा होता. जून २०२५ मध्ये तर महाराष्ट्रात पकडलेले पश्चिम बंगालचे काही मजूर सीमेपलीकडे ढकलले गेले आणि ते भारतीय असल्याचे दिसून आल्यावर परत आणावे लागले. १९४६ चा कायदा जाऊन १ सप्टेंबर २०२५ पासून नवा आला, तरी आपण परकीय नाही हे सिद्ध करण्याचा भार संशयितावरच राहिला.

हा भार किती जड असतो, हे जालना जिल्ह्याला वेगळे सांगावयास नको. अंतरवाली सराटीच्या आंदोलनानंतर २०२३ मध्ये न्या. संदीप शिंदे समितीने कुणबी नोंदी शोधू लागताच निजामाच्या काळातील उर्दू आणि मोडी दप्तरे धुंडाळावी लागली. सरकारची सारी यंत्रणा राबत असताना ही गत! गुरुजींनी अंदाजाने लिहिलेली १ जून ही जन्मतारीख घेऊन आयुष्य काढलेला, कामासाठी परगावी गेलेला म्हातारा चौकीत उभा राहून कोणता कागद दाखविणार? उशिरा नोंदविलेल्या जन्माचे दाखले देणेही जानेवारी २०२५ मध्ये राज्य सरकारने काही काळ थांबविले होते. काही दाखले खोटे निघाले असतील. परंतु खरे मागणारेही त्याच रांगेत होते.

आमदाराच्या हाती ह्यावर एक जुने साधन आहे. गृह विभागाच्या मागण्यांवर कपात सूचना देता येते. ती बहुधा फेटाळली जाते, तथापि चर्चा झाली की मंत्र्यास उत्तर द्यावे लागते. ह्या कामावर किती पोलीस किती दिवस गुंतले, त्यापायी किती गुन्ह्यांचा तपास मागे पडला, २५८ व्या कलमानुसार केंद्राकडून किती रुपये आले, आणि माणसाला सीमेवर नेण्यापूर्वी त्याने सांगितलेल्या गावच्या तहसीलदारास विचारणा झाली होती काय, एवढे भोकरदनच्या आमदारांनी येत्या अधिवेशनात विचारावे.