ओळ संपते तिथे

टायपिंगच्या क्लासला गेलेल्यांच्या हाताला ती हालचाल अजून आठवत असेल. ओळ संपत आली की घंटी वाजायची, डाव्या हाताने दांडी ढकलली की कॅरेज सर्रकन सरकायची आणि त्याच झटक्यात कागदही एक ओळ वर जायचा. दांडी एक, कामे दोन.

1963 साली अमेरिकेत आस्की ही संकेतप्रणाली ठरली, तेव्हा या दोन कामांना वेगळे क्रमांक मिळाले: ओळीच्या आरंभी परतण्यासाठी 13, म्हणजे कॅरेज रिटर्न, कागद सरकवण्यासाठी 10, म्हणजे लाइन फीड. त्या काळचे टेलिटाइप मॉडेल 33 हे छपाईयंत्र सेकंदाला 10 अक्षरे छापत असे. छापणारे डोके उजव्या टोकाहून परतायला मात्र एका अक्षराहून जास्त वेळ लागे. म्हणून आधी 13 पाठवायचा, मग 10. कागद सरकेपर्यंत डोके जागेवर येई. क्रम उलटला, तर पुढचे अक्षर वाटेतच कुठेतरी उमटे!

पुढे युनिक्स या संगणकप्रणालीच्या कर्त्यांनी फाईलमध्ये फक्त 10 ठेवला. यंत्र कसे हलवायचे ते यंत्र चालवणाऱ्या प्रोग्रामने बघावे. सीपी/एम या दुसऱ्या प्रणालीने दोन्ही ठेवले, तिथून ते डॉसमध्ये आणि पुढे विंडोजमध्ये आले. मॅकिन्टॉशने एकटा 13 घेतला. 2001 मध्ये मॅक ओएस टेन आल्यावर तेही 10 कडे वळले.

डोळ्यांना न दिसणारा हा फरक छळतो फार. युनिक्सवरची फाईल विंडोजच्या नोटपॅडमध्ये 2018 पर्यंत एकाच लांबलचक ओळीत उघडत असे. उलट, विंडोजवर लिहिलेली स्क्रिप्ट लिनक्सवर चालवली, तर पहिल्या ओळीतल्या प्रोग्रामच्या नावाला 13 चिकटलेला असतो; त्या नावाचा प्रोग्राम कुठे सापडणार? फाईलींतल्या बदलांची नोंद ठेवणारे गिट वापरणाऱ्यांनी म्हणूनच ओळीच्या शेवटाचा नियम ज्याच्या-त्याच्या मशीनवर न सोडता प्रकल्पातल्या गिटॲट्रिब्यूट्स फाईलमध्ये लिहावा, असे मला ठामपणे वाटते. एक अक्षरही न बदलता सगळी फाईल बदललेली दिसणे, हा मनस्ताप त्याने टळतो.

मला सर्वांत विलक्षण वाटते ती आपल्या ‘ऊ’ची गोष्ट. युनिकोडमधला त्याचा क्रमांक 2314. यूटीएफ-16 या मांडणीत तो दोन बाइटांत मांडला जातो: 9 आणि 10. एखाद्या प्रोग्रामने भाबडेपणाने प्रत्येक 10 च्या आधी 13 घुसवला, तर ‘ऊस’ किंवा ‘ऊन’ लिहिताच तिथून पुढच्या बाइटांच्या जोड्या चुकतात आणि मजकुराचा चुराडा होतो. यूटीएफ-8 या दुसऱ्या मांडणीत हे होत नाही. तिथे ‘ऊ’ म्हणजे 224, 164, 138. आस्कीबाहेरच्या कुठल्याही अक्षराचा एकही बाइट 128 च्या खाली जात नाही, त्यामुळे 10 दिसला की तो लाइन फीडच. ही रचना 1992 मध्ये रॉब पाइक यांच्यासोबत केली ती केन थॉम्पसन यांनी, म्हणजे युनिक्सच्याच एका जनकाने.