भुलीआधीचं इंजेक्शन आणि वर चढणारं आम्ल

भिवंडीत मानकोली, काल्हेर, पूर्णा या पट्ट्यात गोदामांच्या रांगा आहेत आणि गोदामाच्या दारात वॉचमनच्या डब्यावर वाढलेला एखादा कुत्रा असतोच. ट्रक मागे घेताना त्याचा पाय सापडला, की हाडाच्या ऑपरेशनसाठी बरेच जण परळची वाट धरतात. तिथलं बाई साकराबाई प्राणी रुग्णालय १८८३ पासूनचं. ऑपरेशन ठरलं, की वॉचमनपासून शेठपर्यंत प्रत्येकजण सल्ला देतो. त्यातले काही सल्ले तपासून घ्यायला हवेत.

“रात्रीपासून उपाशी ठेवलंय, आता पोटातून काही वर येणार नाही.” जठर रिकामं असलं तरी त्यात आम्ल असतंच. भुलीत जठर आणि अन्ननलिका यांच्यामधली झडप सैल पडते आणि ते आम्ल गुपचूप वर सरकतं. यालाच रिफ्लक्स म्हणतात. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हाडांच्या ऑपरेशनसाठी आलेले ९० निरोगी कुत्रे होते. सरासरी जवळजवळ १८ तास उपाशी. भुलीआधी मॉर्फिन या वेदनाशामकाचं इंजेक्शन न दिलेल्या ३० पैकी ८ जणांत रिफ्लक्स आढळला. थोडं मॉर्फिन दिलेल्या ३० पैकी १५ जणांत आणि भरपूर दिलेल्या ३० पैकी १८ जणांत. एकदा वर आलेला द्रव सरासरी दीड तास अन्ननलिकेत राहिला.

मग “इंजेक्शनच नको” म्हणायचं का? अजिबात नाही. मोडलेल्या पायाची कळ सोसत पडलेल्या प्राण्याला भूलही जास्त द्यावी लागते, आणि तिचे धोके वेगळे. शिवाय वेदनाशामकं सगळी सारखी नसतात. पेथिडीन दिलेल्या कुत्र्यांत रिफ्लक्स मॉर्फिनपेक्षा कमी दिसला. कोणतं औषध, किती, हे डॉक्टरांनी ठरवावं. आपण ऑपरेशनच्या आदल्या रात्री घरातली आयबुप्रोफेन चारू नये, हे मात्र नक्की. कुत्र्याच्या जठरात तिने अल्सर होऊ शकतो.

“इंजेक्शननंतर ओकला, पोट मोकळं झालं!” हाही भाबडेपणाच. २००५ च्या त्याच अभ्यासात आधीची उलटी आणि नंतरचा रिफ्लक्स यांचा संबंध सापडला नाही. मॅरोपिटंट हे औषध उलटी थांबवतं, रिफ्लक्स नाही. आणि रिफ्लक्स बहुतेक वेळा दिसतच नाही, तोंडातून थेंबही येत नाही. म्हणून तर श्वासनलिकेत फुगा असलेली नळी घालतात. वर आलेला द्रव फुफ्फुसात जाऊ नये यासाठी.

उपाशी किती ठेवायचं, यावर तज्ज्ञांतही मतभेद आहेत. अमेरिकेतल्या २०२० च्या मार्गदर्शक सूचना निरोगी प्रौढ कुत्र्याला ४ ते ६ तास सांगतात. तुमच्या डॉक्टरांनी सांगितलेली वेळ पाळा, स्वतःहून वाढवू नका. कुत्रा एरवी खाल्लेलं बाहेर टाकत असेल, तर ते आधीच सांगा.

सगळ्यात महाग पडणारा समज म्हणजे “शुद्धीवर आला, विषय संपला.” आम्लाने भाजलेली अन्ननलिका पुढे आकसू शकते आणि त्याची लक्षणं बऱ्याचदा एक ते तीन आठवड्यांनी दिसतात. पाणी जातं, पण भाकरीचा तुकडा गिळल्या गिळल्या जसाच्या तसा बाहेर येतो. पाय बरा झालाय आणि कुत्रा असं करतोय, तर अपचन समजून थांबू नका. डॉक्टरांकडे न्या आणि ऑपरेशनची तारीख आवर्जून सांगा.