जन्नत

जन्नत : इस्लाम धर्मानुसार पुण्यवानांना मरणोत्तर लाभणारे शाश्वत निवासस्थान. ‘जन्नत’ या अरबी शब्दाचा मूळ अर्थ बाग वा उद्यान असा आहे. ‘फिर्दौस’ ही संज्ञाही कुराणात आढळते. तिचे मूळ कुंपण घातलेली बाग या अर्थाच्या प्राचीन इराणी शब्दात आहे.

ईश्वराचे एकत्व आणि प्रेषितत्व यांबरोबरच परलोकावरील (आखिरत) श्रद्धा हे इस्लामचे एक मूलतत्त्व होय. मृत्यू व पुनरुत्थान यांमधील अवस्थेस ‘बरझख’ म्हणतात. या काळात मुनकर व नकीर हे देवदूत मृताला त्याच्या श्रद्धेविषयी प्रश्न विचारतात, असे हदीसमध्ये सांगितले आहे. कयामतीच्या दिवशी तुतारीचा नाद होऊन सर्व मृत उठतील, प्रत्येकाच्या हाती त्याच्या कर्मांची नोंद दिली जाईल व ती तराजूत (मीझान) तोलली जाईल. त्यानंतर नरकावरील ‘सिरात’ हा पूल ओलांडून पुण्यवान जन्नतमध्ये प्रवेश करतील. तथापि केवळ कर्माने नव्हे, तर ईश्वराच्या कृपेनेच मुक्ती मिळते, असे सुन्नी पंथीय मानतात. प्रेषितांच्या मध्यस्थीलाही (शफाअत) त्यांच्या मते स्थान आहे.

कुराणात जन्नतचे वर्णन पाणी, दूध, मद्य व मध यांच्या नद्या, घनदाट छाया, फळे आणि हूर यांनी युक्त असे केले आहे. तेथील मद्याने शुद्ध हरपत नाही. हदीसनुसार जन्नतला आठ दारे असून, त्यांपैकी ‘रय्यान’ हे रोजे पाळणाऱ्यांसाठी आहे. ही वर्णने शब्दशः घ्यावीत की रूपकात्मक, याविषयी मतभेद आहेत. परलोकात ईश्वराचे दर्शन होणे हे सुन्नी परंपरेत सर्वोच्च सुख मानले जाते. मुताझिला पंथाने प्रत्यक्ष दर्शनाची कल्पना नाकारली. बसऱ्याची संत राबिया (आठवे शतक) हिने नरकाच्या भयाने वा स्वर्गाच्या लोभाने केलेली उपासना गौण मानली. मुहंमद इक्बाल (१८७७–१९३८) यांच्या मते स्वर्ग व नरक ही स्थळे नसून आत्म्याच्या अवस्था आहेत.

महाराष्ट्रात या कल्पनांचे ठसे स्थापत्यात, स्थलनामांत व लोकाचारांत दिसतात. औरंगाबाद (२०२३ पासून छत्रपती संभाजीनगर) येथील सतराव्या शतकातील बीबी का मकबरा ही वास्तू चारबागेच्या मध्यभागी उभी आहे. पाण्याच्या पाटांनी चार भागांत विभागलेल्या अशा बागेत स्वर्गीय उद्यानाची प्रतिमा पाहिली जाते. खुल्दाबादचे जुने नाव ‘रौझा’ म्हणजे बाग. ‘खुल्द’ म्हणजे अमरत्व. १७०७ मध्ये निधन पावलेल्या औरंगजेबाला ‘खुल्दमकान’ (अमरलोकनिवासी) हे मरणोत्तर बिरुद मिळाले. सूफी संत झैनुद्दीन शीराझी यांच्या दर्ग्याच्या आवारातील त्याची कबर मात्र साधी व छत नसलेली आहे. संतसान्निध्यात चिरविश्रांती घेण्याची ओढ तीतून प्रकट होते.

‘उरूस’ हा शब्द विवाहवाचक आहे. संताचा मृत्यू म्हणजे आत्म्याचे ईश्वराशी मीलन, ही भावना त्यामागे आहे. दफनाच्या वेळी मृताचे मुख काब्याच्या दिशेस केले जाते. शाफीई संप्रदाय अनुसरणाऱ्या कोकणी मुसलमानांसह सर्वत्र ही प्रथा पाळली जाते. मृताला पुण्य पोहोचावे म्हणून अनेक कुटुंबांत कुराणपठण व दानधर्म करतात. काही सुधारणावादी गटांना मात्र अशा विधींपैकी काही अमान्य आहेत. अशा विधींना प्रेषितांच्या आचरणाचा आधार आहे की नाही, हाच त्या वादाचा मुख्य मुद्दा होय.